दुःखास अक्षररूप द्यावे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अशा मेळाव्यातून बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील अवाजवी खर्च, नवे उद्योगधंदे, वसतिगृहासाठी निधी. हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही, आणि त्यांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही मात्र आज एक घरगुती विषय निवडला आहे. माणसाच्या मनात साठलेले दुःख आणि त्याला लेखणीने मिळणारी वाट, हा तो विषय होय. या विषयाला ना ठराव लागतो, ना वर्गणी. एक वही आणि थोडा निवांतपणा एवढ्यावर त्याचे भागते.

हा विषय आम्हांस कसा सुचला ते प्रथम सांगतो. स्मरणिका हाती आली की आपण बहुतेक सर्वजण शेवटची पाने आधी उघडतो. तेथे गतवर्षी निवर्तलेल्या मंडळींची छायाचित्रे असतात. छायाचित्राखाली जन्मतारीख, मृत्युतिथी, आणि मग ठरावीक चार ओळी. कुटुंबाची अपरिमित हानी झाली, मायेचे छत्र हरपले, मृतात्म्यास शांती लाभो. नाव बदलते, छायाचित्र बदलते. मजकूर बदलत नाही. तो मजकूर खोटा असतो असे आमचे म्हणणे नव्हे. परंतु तो कोणाचाच नसतो. ज्या आजींनी चाळीस वर्षे पापड लाटून मुलांची शिक्षणे केली, त्यांच्याही खाली त्याच ओळी. आणि जो तरुण मुलगा महामार्गावरील अपघातात गेला, त्याच्याही खाली त्याच. घरच्यांच्या मनात जे खरोखर दाटलेले असते त्यातले एक अक्षरही त्या पानावर उतरत नाही. मग ते जाते कोठे? ते मनातच राहते, आणि मनात राहिलेले दुःख स्वस्थ बसत नाही.

कोल्हापूरकरांस गेल्या काही वर्षांत या दुःखाचा अनुभव थोडाथोडका आलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. धान्य गेले, भांडीकुंडी गेली, जनावरे गेली. त्यांचे पंचनामे झाले. परंतु भिजून लगदा झालेली आजोबांची पत्रे, विवाहाची छायाचित्रे, आईच्या हस्ताक्षरातील पाककृतींची वही, यांचा पंचनामा कोणी करावयाचा? मधल्या दोन वर्षांत कोरोनाची साथ आली. कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घडले नाही. चार खांदेकरी मिळाले नाहीत, तेराव्याला माणसे जमली नाहीत, सांत्वनास येणारी पावले दाराबाहेरच थांबली. त्या दुःखाला बोलावयास जागाच उरली नाही.

दुःख बोलून हलके होते ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. सुतकाच्या दिवसांत घरी येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी, 'कसे झाले?' आणि घरची बाई तीच हकीकत दहा दिवसांत पन्नास वेळा सांगे. परक्याला ते निष्ठुर वाटेल. परंतु त्या सांगण्यातच औषध होते. पहिल्या दिवशी रडण्यात बुडून जाणारी हकीकत दहाव्या दिवशी आदि-मध्य-अंतासह सांगता येऊ लागे. दुःख तेवढेच राही, पण त्याला आकार येई.

त्याहूनही मोठे साधन म्हणजे जाते. पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने आपल्या आया-आज्यांनी माहेरची आठवण, सासरचा जाच, गेलेले लेकरू, हे सारे ओवीत घातले. हेमा रायरकर व गी पॉइटविन या पुण्याच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील गावोगावी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. केवळ करमणुकीसाठी एवढे रचले जात नसते. ज्या बाईला दिवसभर कोणी विचारीत नसे, तिला पहाटे स्वतःशी बोलावयाची ती हक्काची जागा होती. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. श्रम वाचले हे फार चांगले झाले. ते जाते परत यावे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. पण जात्याबरोबर ती जागाही गेली, आणि तिच्या ऐवजी दुसरी जागा आपण निर्माण केली नाही. ती जागा वहीने घ्यावी, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.

आता कोणी म्हणेल, लेखन हे लेखकांचे काम. आम्ही संसारी माणसे काय लिहिणार? यास आमचे उत्तर असे की, मराठीतील कित्येक उत्तम पुस्तके लिहिणारांनी ती लेखक होण्यासाठी लिहिली नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. मध्ये नऊ वर्षे गेली. पतीच्या थोरवीचे पोवाडे गाणे हा त्या पुस्तकाचा प्राण नव्हे. लहान वयात घरात आलेली मुलगी, तिला शिकवू पाहणारा पती, आणि त्या शिकण्यास विरोध करणाऱ्या घरातील बायका यांची ती साधी हकीकत आहे. त्याच सुमारास, १९०९ साली, पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाईंनी त्या कार्यास वाहून घेतले. आठवणींत डोकावणे म्हणजे आठवणींत बुडणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर याहून वेगळी. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही दीक्षा घेतली. या सर्व उलथापालथीची हकीकत 'स्मृतिचित्रे' या नावाने १९३४ पासून चार भागांत बाहेर पडली. वाचकाला नवल वाटते ते हे की, एवढे सोसलेली बाई पानोपानी हसते आणि हसविते. सोसण्याच्या दिवसांत ते हसू नव्हते. जवळजवळ चाळीस वर्षांच्या अंतरावरून पाहताना ते आले. लेखनाने दुःख पुसले जात नाही. परंतु दुःखाकडे पाहण्यासाठी थोडे दूर उभे राहता येते, आणि दूर उभे राहिले की त्यातले हास्यही दिसू लागते.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' आपल्या घराघरांत आहे. गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली वारल्या. त्यानंतर पंधरा वर्षे उलटल्यावर, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात असताना अवघ्या पाच दिवसांत त्यांनी त्या आठवणींचा बहुतेक भाग लिहून काढला. पंधरा वर्षे साठलेले पाणी पाच दिवसांत वाहिले. पुढे १९३५ साली ते पुस्तकरूपाने आले आणि लाखो मराठी मुलांना आपली आई त्यात दिसली. एकाचे दुःख खरेपणाने लिहिले गेले की ते एकट्याचे राहत नाही, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

आता आपल्या करवीरकडे वळू. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे. शिरोड्यास अठरा वर्षे शाळामास्तर म्हणून राहून १९३८ साली ते कोल्हापुरास आले आणि येथलेच झाले. प्रकृती सदैव नाजूक, दृष्टी अधू. अखेरच्या वर्षांत दृष्टी पार गेली, तरी लेखनिकास सांगून त्यांचे लेखन चालूच राहिले. 'ययाति'साठी १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. मराठी भाषेला मिळालेला तो पहिला. शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. आपल्या मुलांना रंकाळ्यावर व पन्हाळ्यावर आपण नेतोच. एक सकाळ त्या संग्रहालयातही काढावी. डोळ्यांपुढे अंधार असताना माणूस शब्दांच्या आधाराने किती दूर चालू शकतो, ते तेथे मुलांना सांगता येईल.

आणि आपल्याच जिल्ह्यातील कागलचे आनंद यादव. शिकण्याची ओढ असलेला शेतकऱ्याचा मुलगा आणि मुलाच्या हाती पाटीऐवजी खुरपे हवे असलेला बाप, यांचा झगडा म्हणजे त्यांची 'झोंबी'. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात बापाचा मार आहे, उपासमार आहे, भावंडांचे मरण आहे. पण बापाविषयी विखार नाही. तो बाप असा का झाला, गरिबीने व अडाणीपणाने त्याला कसे घडविले, हेही लिहिता लिहिता उलगडत जाते. तक्रार सांगणारा माणूस दुसऱ्याला आरोपी करतो. लिहिणारा माणूस, खरेपणाने लिहू लागला तर, त्याला समजू लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपण आज ज्ञातीच्या नावाने एकत्र जमलो आहोत, आणि ज्ञातीचा अभिमान हा अशा मेळाव्याचा स्वाभाविक सूर असतो. परंतु मराठीतील जी सर्वांत जळजळीत आत्मकथने आहेत, त्यांतील दुःख ज्ञातिभेदानेच दिलेले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली. फलटणच्या बेबीताई छोटेसे दुकान चालवीत. सामान बांधावयास आलेल्या रद्दीच्या कागदांवर त्यांचे वाचन चाले आणि लेखन घरच्यांपासून लपवून. सुमारे वीस वर्षे ते कागद त्यांनी दडवून ठेविले होते. ज्या बाईला लिहिण्यासाठी लपावे लागले तिचे पुस्तक आपल्या घरी उघडपणे वाचले जावे. आपल्या दुःखाला वाट हवी असेल, तर आपल्या हातून वा आपल्या पूर्वजांच्या हातून दुसऱ्याला झालेले दुःखही ऐकण्याची तयारी हवी. राजर्षी शाहू महाराजांच्या या नगरीत याहून अधिक सांगणे नलगे.

या साऱ्या उदाहरणांत एक समान धागा दिसेल. कोणीही दुःखाच्या दुसऱ्या दिवशी लिहावयास बसले नाही. मध्ये नऊ, पंधरा, चाळीस वर्षे गेली. प्रत्येकास एवढा काळ लागेलच असे नाही. पण काही काळ जाऊ द्यावा लागतो, हे मात्र खरे.

जुन्या अनुभवाला आता शास्त्राचाही थोडा आधार मिळाला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे लिहावयाचे. काहींना किरकोळ विषय दिले. काहींना आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंग लिहावयास सांगितले. ज्यांनी घडलेली हकीकत आणि मनातील भावना ही दोन्ही लिहिली, त्यांचे पुढील काही महिन्यांत दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. परंतु लक्षात घ्यावे, लिहून उठल्याबरोबर त्यांना बरे वाटले नाही. उलट मन अधिक उदास झाले आणि रक्तदाबही वाढलेला आढळला. जखम धुताना चुरचुरते, तसेच हे.

पुढे १९९९ साली जोशुआ स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याच्या व सांधेवाताच्या ११२ रुग्णांवर असाच प्रयोग केला. तीन दिवस, दररोज वीस मिनिटे लेखन. चार महिन्यांनंतर तपासले असता क्लेशदायक अनुभव लिहिणाऱ्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. तथापि आपण भोळेपणाने वाहून जाऊ नये. २००६ साली जोआन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला, तेव्हा लाभ होतो हे खरे, पण सरासरीने तो लहानसा असतो, असे दिसून आले. आम्हांस हा निष्कर्ष आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. लेखन ही रामबाण मात्रा नव्हे. ते सुंठेच्या काढ्यासारखे घरगुती औषध आहे. काढ्याने मोठा रोग बरा होत नाही, म्हणून कोणी घरातली सुंठ फेकून देत नाही.

हे औषध काम कसे करते, याविषयी पेनेबेकर यांनीच आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळले' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लेखनाचा लाभ अधिक झाला. म्हणजे नुसती भळभळ उपयोगाची नाही. तेच तेच गाऱ्हाणे रोज त्याच शब्दांत लिहिल्याने मन मोकळे होत नाही. हकीकतीचे दुवे जुळू लागले पाहिजेत. सुतकातल्या दहा दिवसांत घरच्या बाईच्या सांगण्याला जो आकार येई, तोच हा.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. एक साधी वही घ्यावी. ती कोणास दाखविण्यासाठी नाही हे मनाशी ठरवावे. चार दिवस लागोपाठ, पंधरा मिनिटे, शक्य तर एकाच वेळी बसावे. शुद्धलेखन, अलंकार, सुभाषिते यांचा विचार करू नये. 'काळाने घाला घातला' असे वाक्य लेखणीतून उतरले तर थांबावे आणि स्वतःस विचारावे, प्रत्यक्षात काय झाले? किती वाजले होते, चुलीवर काय होते, कोणाचा फोन आला, आपण पहिले वाक्य काय बोललो? पहिल्या दिवशी घडले ते लिहावे. दुसऱ्या दिवशी तेव्हा काय वाटले ते. तिसऱ्या दिवशी, त्यामुळे आपल्या वागण्यात व घरात काय बदलले. चौथ्या दिवशी तीच हकीकत दुसऱ्या कोणाच्या बाजूने, गेलेल्या माणसाच्या, लहान मुलाच्या, किंवा ज्याच्यावर राग आहे त्याच्या बाजूने लिहून पाहावी. नंतर वही ठेवून द्यावी. कोणास ती जाळावीशी वा नदीत सोडावीशी वाटली, तरी हरकत नाही. लिहिण्याचे काम तोवर झालेले असते.

ज्यांना लिहिता येत नाही, हात कापतो, दिसत नाही, त्यांनी काय करावे? खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरुण वयात वैधव्य आले. शेतात आणि जात्यावर त्यांची गाणी जन्मली. मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी ती टिपून घेतली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्राला ती मिळाली. आपल्या घरातील वृद्धांसाठी हे काम नातवंडांनी करावे. हातातल्या फोनवर आवाज टिपून घेता येतो. त्यासाठी खर्च नाही. फक्त मध्ये बोलू नये, दुरुस्त्या करू नयेत, आणि 'आजी, हे तू मागेही सांगितलेस' असे तर मुळीच म्हणू नये.

घरातील मंडळींसाठी एक नियम आम्ही हात जोडून सांगतो. दुसऱ्याची वही उघडू नये. पत्नीची पतीने नाही, सुनेची सासूने नाही, वयात आलेल्या मुलीची आईनेही नाही. आपल्या घरात कपाटाला कुलूप असते, तिजोरीला असते. घरातील बाईच्या मनाला मात्र कुलूप असावे हे अजून आपणांस पटत नाही. ज्या घरात वही उघडली जाण्याचे भय असते, त्या घरात कोणी खरे लिहीत नाही, आणि जे लिहिले जाते त्याने कोणाचे मन हलके होत नाही.

एकट्याने लिहिण्याची पुढची पायरी म्हणजे लिहिणाऱ्यांच्या संगतीत बसणे. पूर्वी वाचक लेखकास पत्र लिहीत आणि उत्तराच्या पाकिटाची महिनाभर वाट पाहत. आज परिस्थिती पालटली आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत सभागृहे बंद पडली तेव्हा व्याख्याने, काव्यवाचने, लेखकांच्या मुलाखती पडद्यावर आल्या, आणि त्यातील काही गोष्टी साथ ओसरल्यावरही टिकल्या. पुण्या-मुंबईचा, बेळगावचा, परदेशात स्थायिक झालेला मराठी लेखक आता आपल्या ओटीवर बसून बोलावा इतका जवळ आला आहे. आपल्या ज्ञातीची कितीतरी मुले-मुली परदेशी आहेत. त्यांनाही त्याच बैठकीत बसता येते. आई कोल्हापुरात आणि लेक सातासमुद्रापलीकडे, दोघी एकाच लेखिकेचे बोलणे ऐकताहेत, आणि नंतर तासभर त्याविषयी फोनवर बोलताहेत, हा लाभ लहान नव्हे. ज्या गोष्टी आई-लेकीला एकमेकींशी थेट बोलता येत नाहीत, त्या पुस्तकाच्या निमित्ताने बोलता येतात.

पण लेखक भेटला म्हणजे त्याला विचारावे काय? पुरस्कार किती मिळाले, चित्रपट केव्हा निघणार, हे प्रश्न नकोत. विचारावे ते असे: ही गोष्ट लिहिण्यापूर्वी किती वर्षे मनात होती? लिहिताना कोणत्या पानाशी हात थांबला? घरच्यांना आधी दाखविलीत काय? काय लिहून काढून टाकलेत? लिहून झाल्यावर बरे वाटले, की नाही? असे प्रश्न विचारले की लेखक मनापासून बोलतो, आणि ऐकणाऱ्यास आपल्या अडलेल्या वाक्याची वाट सापडते. तथापि लेखक हा वैद्य नव्हे आणि गुरुही नव्हे. मोठी फी घेऊन आठ दिवसांत दुःख घालवून देण्याची हमी देणारे शिबिरवाले अलीकडे दिसू लागले आहेत. त्यांच्यापासून जपून असावे. तसेच अनोळखी मंडळींच्या समोर आपल्या घरातील गोष्ट वाचण्यापूर्वी ज्यांच्याविषयी ती आहे त्यांचा विचार करावा. जे आवाजात सांगितले ते दुसरा टिपून ठेवू शकतो, हे विसरू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ज्या साने गुरुजींचे उदाहरण आम्ही आदराने दिले, त्यांनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. मराठीतील सर्वांत मायाळू लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांनाही ती एकटी तारू शकली नाही. ही गोष्ट दडवून लेखनाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून सांगतो: झोप उडाली आहे, अन्न गोड लागत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे पंधरा दिवसांहून अधिक चालले असेल, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. ताप आला तर आपण लाजत नाही, मग मन आजारी पडले तर का लाजावे? स्थळ जमणार नाही, लोक नावे ठेवतील, या भयाने आपल्या समाजात किती आजार दडपले जातात ते आपण सर्वजण जाणतो. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तेथे पैसे पडत नाहीत आणि रात्री-अपरात्रीही बोलता येते. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आणि लिहिता लिहिता कोणास फारच असह्य होऊ लागले, तर वही तत्काळ मिटावी, उठून माणसांत जाऊन बसावे. अर्धवट राहिलेले पान उद्यापर्यंत थांबू शकते.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवितो. पहिली अशी की, महिन्यातून एक दुपार वाचन-लेखनाच्या बैठकीसाठी सभागृह मोकळे ठेवावे. तेथे हजेरीपट नको, स्पर्धा नको, बक्षिसे नकोत. दहा माणसे आली तरी पुष्कळ. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. पुस्तकांची उणीव पडणार नाही. दुसरी विनंती ही की, दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या लेखकास वा लेखिकेस पडद्यावरून बैठकीत बोलवावे आणि बाहेरगावच्या सभासद कुटुंबांनाही तीत सामील करून घ्यावे. तांत्रिक जोडणीचे काम महाविद्यालयीन मुलांकडे द्यावे. तेवढ्या निमित्ताने ती मुले आपल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकतील.

तिसरी विनंती या स्मरणिकेविषयी आहे. पुढील वर्षापासून श्रद्धांजलीच्या पानावर ठरावीक ओळींऐवजी कुटुंबातील कोणी तरी आपल्या हाताने लिहिलेल्या दहा ओळी छापाव्यात. त्या ओळींत गेलेल्या माणसाचा एक प्रसंग असावा, एक सवय असावी, तिच्या तोंडचा एखादा शब्द असावा. आजी चहात गूळच घालीत. काका अंबाबाईच्या देवळातून येताना रोज एकच फूल आणीत. मुलाला सायकलची घंटा उगाच वाजवावयाची खोड होती. अशा दहा ओळी लिहिताना घरच्यांचे डोळे भरून येतील. ते येऊ द्यावेत. व्याकरण चुकले तर संपादकांनी हळूच दुरुस्त करावे; भाषा मात्र त्यांचीच राहू द्यावी. चाळीस-पन्नास वर्षांनी कोणी नातवंड हा अंक उघडील तेव्हा त्याला हानी आणि छत्र या शब्दांत आपली पणजी सापडणार नाही. गुळाच्या चहात ती निश्चित सापडेल.

पुढील अंकाचा मजकूर गोळा होऊ लागेल तेव्हा त्या दहा ओळींची वाट आम्ही पाहू. जय महाराष्ट्र.